अर्धकच्च्या अंड्याची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्याचं राहिलं बाजूला आणि अंड्यावरून वाद पेटला. एकीची सून पाच महिन्यांची गरोदर. सासूबाई म्हणाल्या, अंडं अर्धकच्चं खाल्लं तरच अंगी लागतं. सून म्हणाली, आशाताईंनी पूर्ण उकडून खायला सांगितलंय. मग आम्ही ठरवलं, ही आवड आली कुठून ते तरी पाहू.

आवड फार जुनी आहे. एपिकियसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रोमन लोकांच्या पाककृतींच्या पुस्तकात मऊ उकडलेल्या अंड्यांसाठी चटणी दिली आहे. त्यात भिजवलेले चिलगोजे, मिरी, मध, शिर्का आणि माशाचं खारं पाणी. मुंबईत पारशी लोकांची अकुरी म्हणजे आपल्या भुर्जीची बहीणच, पण ती ओलसर असतानाच विस्तवावरून उतरवतात.

जपानची तऱ्हा वेगळी. आपल्या वज्रेश्वरीला आहेत तसे गरम पाण्याचे झरे तिकडे पुष्कळ. त्यात अंडी ठेवतात. पाणी उकळतं नसतं, साधारण ६५ ते ६८ अंश. अर्ध्या तासात बलक घट्टसर होतो आणि पांढरं मात्र विरजायला लागलेल्या दह्यासारखं राहतं. आपल्या हाफ बॉईलच्या बरोबर उलट! कारण बलक कमी उष्णतेत आळतो, पांढरं पुरतं घट्ट व्हायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं.

आता खरी गोष्ट इंग्लंडची. तिथे मऊ अंड्यात पावाची पट्टी बुडवून खायची घरोघर सवय. ३ डिसेंबर १९८८ ला आरोग्य खात्याच्या मंत्री एडविना करी म्हणाल्या, देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेला शिरला आहे. अंड्यांचा खप कोसळला. सुमारे ४० लाख कोंबड्या मारल्या गेल्या. दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. आम्हाला विचाराल तर ‘बहुतेक’ हा शब्द फार मोठा झाला, त्यानं कोंबड्या पाळणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. पण रोग खोटा नव्हता. हा जंतू कोंबडीच्या पोटातच, कवच तयार होण्याआधी अंड्यात शिरू शकतो. मग वरून कितीही धुवा.

१९९८ पासून तिथे सिंहाच्या शिक्क्याची अंडी आली. त्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस दिलेली असते, कवचावर तारीख असते. २०१७ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा खात्यानं सांगितलं, आता गरोदर बायका, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसंसुद्धा ही अंडी अर्धकच्ची खाऊ शकतात. पण शिक्क्याचीच. म्हणजे सूट मिळायला जवळजवळ तीस वर्षं गेली.

आपल्या परसातल्या कोंबड्यांना कुणी ही लस टोचलेली नाही, अंड्यावर शिक्का नाही. गावरान अंडं चवीला कितीही सरस असो, त्यात जंतू नाही हे नुसतं पाहून सांगता येत नाही. बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत उकडलं की जंतू मरतो आणि ताकद कुठे जात नाही.

सासूबाईंनी हे ऐकून घेतलं. सुनेला दहा-बारा मिनिटं उकडलेलं अंडं, वर तिखट-मीठ, हे ठरलं. “मी माझं हाफ फ्राय खाईन,” त्या म्हणाल्या. तेव्हा कुणीतरी आठवण करून दिली की त्यांनाही यंदा सत्तरावं लागलंय.