तोफ इथे, आवाज तिथे

१ फेब्रुवारी १९०१ चा दिवस. राणी व्हिक्टोरियाची शवपेटी वाइट बेटावरून पोर्ट्समथकडे नेली जात होती आणि दुतर्फा उभ्या युद्धनौका दर मिनिटाला तोफा डागत होत्या. हा आवाज शंभर मैलांहून दूर असलेल्यांनी ऐकला. त्यापेक्षा कितीतरी जवळच्या काही गावांत मात्र काहीच ऐकू आले नाही! चार्ल्स डेव्हिसन या भूकंप-अभ्यासकाने लोकांकडून माहिती गोळा केली, म्हणून ही गंमत आज आपल्याला कळते.

गंमत म्हटले खरे. पण रणगाड्यांच्या सराव-मैदानाशेजारी राहणाऱ्याला ती गंमत वाटत नाही. मैदानालगतचा गावकरी म्हणतो, आज विशेष काही झाले नाही, आणि वीस किलोमीटरवरचा म्हणतो, खिडक्या थडथडल्या. पूर्वी अधिकारी दुसऱ्याला खोटा ठरवून मोकळे होत.

दोष हवेचा असतो. उष्ण हवेत ध्वनी वेगाने जातो. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची गार असते, त्यामुळे आवाज वर वळतो व विरून जातो. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला असला की जमीन निवते, उबदार थर वर राहतो आणि तोच आवाज खाली वाकून दूरवर एखाद्या ठिकाणी एकवटतो. वाऱ्याचाही असाच परिणाम होतो. १९५१ च्या आरंभी नेवाडातील अणुचाचण्यांनी सुमारे १०० किलोमीटरवरच्या लास व्हेगासमध्ये काचा फुटल्या. पुढे तिथे स्फोटापूर्वी हवेचा अंदाज घेणे भाग पडले.

अमेरिकेत मेरीलँडमधील अॅबर्डीन हे तोफा-दारूगोळा तपासण्याचे मैदान १९१७ पासूनचे. तिथल्या प्रयोगशाळेतील पर्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये, उंचीनुसार तापमान व वारा मोजून आवाज कुठे एकवटेल हे काढण्याची रीत मांडली. सकाळी फुगा सोडायचा, आकडेमोड करायची, मग ठरवायचे: तोफ आता डागायची की दुपारी. युद्धसामग्रीच्या कामात हवामानखात्याचे ऐकावे लागणे लष्कराला किती रुचले असेल, कोण जाणे!

मोजमापाचेही एक त्रांगडे होते. नेहमीच्या ध्वनिमापकाची मोजणी आपल्या कानासारखी, म्हणजे खर्जातला आवाज कमी धरणारी. तोफेचा जोर तर खर्जातच. कानाआधी तो तावदानांना कळतो. म्हणून तोफांसाठी खर्जाला पुरते वजन देणारी वेगळी मोजणी आली. अमेरिकी लष्कराच्या २००७ च्या नियमावलीत या मोजणीने, दिवसरात्रीची सरासरी ६२ डेसिबलवर गेली तर तिथे सहसा घरे नकोत, ७० वर तर नकोतच, असे पट्टे आहेत.

पण सरासरी फसवी असते. महिनाभर शांतता आणि एका रात्री दहा बार, याची सरासरी सौम्यच दिसते. दचकून उठलेल्या लेकराला सरासरी काय सांगणार? म्हणून एकेका बाराची कमाल पातळीही पाहिली जाते: ११५ डेसिबलच्या आत तक्रारींची शक्यता कमी, १३० च्या पुढे फार. हे आकडे नकाशावर येतात तेव्हा बहुधा मैदानाच्या कुंपणापर्यंत वस्ती येऊन ठेपलेली असते.