बॉनहोफर, डीट्रिख

(४ फेब्रुवारी १९०६–९ एप्रिल १९४५). जर्मन ल्यूथरपंथी धर्मशास्त्रज्ञ व पाळक. जन्म ब्रेस्लाऊ (सध्या पोलंडमधील व्रॉत्सवाफ) येथे. वडील कार्ल हे मनोविकारतज्ज्ञ. बर्लिन विद्यापीठाने १९२७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांचा ख्रिस्तमंडळीच्या स्वरूपावरील प्रबंध मान्य केला. १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत.

ज्यू वंशाच्या पाळकांना चर्चच्या सेवेतून वगळणाऱ्या ‘आर्य कलमा’ला त्यांनी प्रथमपासून विरोध केला. १९३३ पासून ते लंडनमधील जर्मन मंडळ्यांचे पाळक होते. येशूचे डोंगरावरील प्रवचन हा रोज आचरायचा नियम आहे, या धारणेतून त्यांना गांधीजींचे आश्रमजीवन जवळून पाहायचे होते. ऑक्टोबर १९३४ मध्ये त्यांनी गांधीजींना पत्र लिहिले. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनीही शिफारस केली. १ नोव्हेंबर १९३४ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून उत्तर धाडले. परतीचे भाडे आणि येथील खर्चासाठी दरमहा माणशी शंभर रुपये जवळ असतील तर केव्हाही या, थंडीत आलात तर बरे. मी तुरुंगाबाहेर व एका जागी असलो तर माझ्याजवळच राहा, असा त्याचा आशय. मात्र बॉनहोफर आले नाहीत; कारण नाझीविरोधी ‘कन्फेसिंग चर्च’ने त्यांच्यावर पाळकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सोपवली.

या प्रशिक्षणाचे विद्यालय १९३५ मध्ये श्टेटीनजवळ फिंकेनवाल्डे येथे स्थिरावले. सकाळ-संध्याकाळ सामुदायिक प्रार्थना आणि एकाच शास्त्रवचनावर आठवडाभर मौन चिंतन हा तेथील परिपाठ. मठवासी शिस्तीचे वळण म्हणून काही ल्यूथरपंथीयांनी त्याविषयी शंका घेतली. बॉनहोफर यांचे खरे योगदान मात्र याच प्रयोगात आहे. १९३७ मध्ये गेस्टापोने विद्यालय बंद केले. ‘नाखफोल्गे’ (१९३७) व ‘गेमाइनझामेस लेबेन’ (१९३९) हे ग्रंथ याच काळाचे फळ.

१९३९ मध्ये अमेरिकेत आश्रय मिळत असताना ते काही आठवड्यांतच मायदेशी परतले. पुढे लष्करी गुप्तवार्ता खात्यात राहून हिटलरविरोधी गटाशी संबंध. हिटलरच्या हत्येच्या कटातील त्यांच्या प्रत्यक्ष वाट्याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

५ एप्रिल १९४३ रोजी अटक. फ्लॉसेनब्युर्ग छळछावणीत फाशी. ‘एथिक’ (१९४९) हा अपूर्ण ग्रंथ आणि तुरुंगातील पत्रे (१९५१) त्यांचे मित्र एबरहार्ड बेटगे यांनी संपादित केली. पत्रांतील ‘धर्मविरहित ख्रिस्ती जीवना’च्या कल्पनेचे परस्परविरोधी अर्थ लावले जातात.