शाळेत न गेलेली पंडिता

साजगावहून बोलतोय. आमच्या दादा-वहिनीने ठरवलंय, पोरांना घरीच शिकवायचं. आजी म्हणाली, "हे कसलं नवीन खूळ?"

नवीन कुठलं! अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. विरोध झाला, तर त्यांनी थेट गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. तिथेच १८५८ साली रमाबाई जन्मल्या. आई पहाटे उठवून त्यांचं पाठांतर घ्यायची. ना शाळा, ना परीक्षा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं.

पण मधली गोष्ट कुणी सांगत नाही. पोट भरायची विद्या त्या घरात शिकवलीच नव्हती. दुष्काळात आई-वडील गेले, बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ उपाशीपोटी पायी हिंडत राहिले.

दादाला हे सगळं सांगितलं. तो गप्प. वहिनी म्हणाली, "मग भावोजी, कोडिंग तुम्ही शिकवायचं."