पुरुषांची केसगळती : औषधे, ट्रान्सप्लांट आणि साइड इफेक्ट्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातून चक्रावून टाकणाऱ्या बातम्या येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटत होती आणि तीन-चार दिवसांत केस हातात येत होते. पाणी, शॅम्पू, बुरशी असे अनेक तर्क सोशल मीडियावर फिरले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण खूप जास्त असल्याचे आढळले. त्यांच्या अहवालानुसार हाच गहू केसगळतीचे कारण होता. अनेकांचे केस नंतर काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले, तेही कोणतेही महागडे तेल न लावता.

या घटनेतून एक साधी गोष्ट कळते. केस का गळतात हे कळल्याशिवाय उपचार निवडता येत नाही. पण वलगाव असो वा अकोला, लग्नाच्या वयाच्या मुलाच्या कपाळाची रेषा मागे सरकू लागली की तो आधी मोबाइल उघडतो आणि समोर येईल ती जाहिरात खरी मानतो. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

रोज किती केस गळणे नॉर्मल आहे?

दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक आहे. कंगव्यात केस दिसले म्हणजे टक्कल पडणार असे नाही. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकणे, डोक्याच्या मधोमध विरळ होणे आणि केस दिवसेंदिवस बारीक होत जाणे ही पुरुषी टक्कलाची लक्षणे आहेत.

पुरुषांना टक्कल कशामुळे पडते?

बहुतेक पुरुषांमध्ये कारण अनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉन या हार्मोनपासून शरीरात डीएचटी नावाचे हार्मोन तयार होते. ज्यांच्या केसांची मुळे डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांची मुळे हळूहळू आकसतात आणि प्रत्येक नवा केस आधीपेक्षा बारीक व आखूड येतो. हा गुण फक्त आईकडून येतो असा समज आहे, पण तो दोन्ही बाजूंकडून येऊ शकतो. हेल्मेट किंवा टोपी घातल्याने टक्कल पडत नाही. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली तर मात्र ही प्रक्रिया वेगाने होऊ शकते.

सगळी केसगळती एकाच प्रकारची असते का?

नाही. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठे ऑपरेशन किंवा अचानक वजन कमी झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी डोक्यावरचे सगळे केस एकदम विरळ होतात. असे केस बहुधा काही महिन्यांत आपोआप परत येतात. डोक्यावर किंवा दाढीत नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर हल्ला करते आणि तिचे उपचार वेगळे असतात. चाईवर लसूण घासणे किंवा बिबा लावणे टाळावे, कारण बिब्याने त्वचा भाजते आणि जखमेचा व्रण राहिला तर तेथे केस कायमचे येत नाहीत. डोक्यावर खपल्या, पू किंवा वेदना असेल तर संसर्गाची शक्यता असते आणि त्यासाठी लगेच डॉक्टरांना दाखवावे.

कोणती औषधे खरोखर काम करतात?

पुरुषी टक्कलासाठी सर्वाधिक पुरावा दोन औषधांचा आहे : डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल आणि पोटात घ्यायचे फिनास्टेराइड. दोन्ही मुळात वेगळ्या आजारांसाठी होती. मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचे डोक्याला लावायचे औषध तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. फिनास्टेराइड प्रोस्टेट वाढण्याच्या आजारासाठी आले आणि १९९७ मध्ये त्याच्या १ मिलिग्रॅम गोळीला टक्कलासाठी मंजुरी मिळाली.

दोन्ही औषधांचे मुख्य काम म्हणजे आहे ते केस टिकवणे. काहींचे केस दाट होतात, पण पूर्ण गुळगुळीत झालेल्या जागेवर पूर्वीसारखे केस आणण्याची ताकद त्यांच्यात नाही. त्यामुळे उपचार जेवढे लवकर सुरू होतील तेवढे चांगले.

मिनॉक्सिडिल लावल्यावर केस जास्त गळू लागले, बंद करावे का?

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. जुने केस पडून नव्यांना जागा होते, म्हणून घाबरून बंद करू नये. परिणाम दिसायला किमान चार महिने लागतात. औषध सोडले तर तीन-चार महिन्यांत मिळालेला फायदा निघून जातो. हे औषध सुरू करण्याआधी ते वर्षानुवर्षे लावायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारावे.

मिनॉक्सिडिलचे साइड इफेक्ट कोणते?

खाज, कोरडेपणा, कोंड्यासारखे पापुद्रे आणि औषध ओघळल्यास कपाळावर किंवा गालावर केस येणे या नेहमीच्या तक्रारी आहेत. छातीत धडधड, चक्कर, हातापायांवर सूज किंवा अचानक वजन वाढणे दिसल्यास औषध थांबवून डॉक्टरांना भेटावे. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेल्यांनी आधीच विचारून घ्यावे. अलीकडे कमी डोसच्या मिनॉक्सिडिल गोळ्याही दिल्या जातात. त्यांनी अंगभर केस वाढणे आणि पायाला सूज येणे जास्त प्रमाणात दिसते, म्हणून त्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

घरात तान्हे बाळ असेल तर विशेष काळजी घ्यावी. युरोपात वडिलांच्या डोक्याला लावलेल्या मिनॉक्सिडिलच्या संपर्काने बाळांच्या अंगावर जास्त केस उगवल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. औषध लावल्यावर हात धुवावेत आणि ते सुकेपर्यंत बाळाला डोक्याजवळ घेऊ नये. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी हे औषध जीवघेणे ठरू शकते.

फिनास्टेराइडने पुरुषत्व जाते का?

हा सर्वात जास्त भीती घालणारा आणि सर्वात कमी उघडपणे विचारला जाणारा प्रश्न आहे. फिनास्टेराइड डीएचटीचे प्रमाण कमी करते. टक्कलासाठीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत दोन वर्षांनी औषध घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांची केसगळती थांबलेली दिसली. नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. लैंगिक तक्रारी, म्हणजे इच्छा कमी होणे, ताठरता न येणे किंवा वीर्य कमी होणे, औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के लोकांत आढळल्या. म्हणजे बहुतेकांना हा त्रास होत नाही, पण तो खोटा किंवा केवळ मनाचा खेळ आहे असेही नाही. बहुतेकांचा त्रास गोळी बंद केल्यावर जातो. काहींनी तो नंतरही राहिल्याचे नोंदवले आहे.

मनावर परिणाम होतो का?

होऊ शकतो. मे २०२५ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइड गोळ्यांचा साइड इफेक्ट असल्याचे मान्य केले. गोळी सुरू केल्यावर उदास वाटणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे किंवा जीव नकोसा वाटणे असे झाले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांशी बोलावे. आधी नैराश्याचा त्रास झाला असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगावा. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येते.

फिनास्टेराइड घेणाऱ्याने आणखी काय लक्षात ठेवावे?

गरोदर स्त्रीने तुटलेली किंवा चुरा झालेली गोळी हाताळू नये, कारण त्याचा मुलग्याच्या गर्भावर परिणाम होऊ शकतो. मूल होण्यासाठी प्रयत्न करत असाल तर डॉक्टरांना सांगावे. रक्तदान शिबिरात ही गोळी घेत असल्याचे आवर्जून सांगावे. प्रोस्टेटसाठीच्या पीएसए तपासणीत या गोळीमुळे आकडा जवळपास निम्मा दिसतो, म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर तपासणी करताना डॉक्टरांना कल्पना द्यावी. छातीत गाठ, दुखणे किंवा स्तन वाढणे दिसल्यास दाखवून घ्यावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी घेऊ नये.

बायोटिन, कांद्याचा रस, खास तेल यांचे काय?

शरीरात कमतरता असेल तरच बायोटिनचा उपयोग होतो आणि अशी कमतरता फार कमी लोकांत असते. बायोटिनच्या जास्त डोसमुळे थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्त तपासण्यांचे निकाल चुकू शकतात. तेलाने केस मऊ राहतात, पण आकसलेले मूळ परत मोठे होत नाही. मार्च २०२५ मध्ये पंजाबमधील संगरूर येथे टक्कल घालवण्याच्या शिबिरात डोक्याला औषध लावून घेतल्यावर अनेकांच्या डोळ्यांना त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात जावे लागले. टक्कल बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असे भारताच्या औषध नियमांतील अनुसूची ‘जे’ सांगते. त्यामुळे ‘१०० टक्के गॅरंटी’ ही खात्री नसून धोक्याची खूण आहे.

पीआरपी केल्याने फायदा होतो का?

पीआरपीमध्ये स्वतःचेच रक्त काढून त्यातील प्लेटलेट्सचा भाग डोक्यात इंजेक्शनने देतात. काहींना फायदा दिसतो, पण अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत आणि बैठका पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. वेदना, सूज आणि डोके दुखणे होऊ शकते. सुया आणि किट प्रत्येकासाठी नवे आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे.

हेअर ट्रान्सप्लांट सुरक्षित आहे का?

प्रशिक्षित डॉक्टरांच्या हातून आणि योग्य सोय असलेल्या ठिकाणी ते सहसा सुरक्षित असते, पण ती शस्त्रक्रिया आहे, पार्लरचे काम नाही. मागच्या बाजूचे केस काढून पुढे लावतात, म्हणून मागचा साठा मर्यादित असतो. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, नवे यायला तीन-चार महिने आणि पूर्ण निकाल दिसायला सुमारे वर्ष लागते. उरलेले जुने केस टिकवण्यासाठी औषधे बहुधा चालूच ठेवावी लागतात. विशीतच घाईने ट्रान्सप्लांट केले तर पुढे मधले केस जाऊन पुढची लावलेली रेषा एकटीच उरण्याचा धोका असतो.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. त्याच्या डोक्यात एकाच वेळी नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचे वृत्त होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार ही शस्त्रक्रिया प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची आहे आणि कार्यशाळा किंवा यूट्यूबचे व्हिडिओ बघणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही.

सुरुवात कुठून करावी?

वलगावच्या माणसाला यासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. परतवाडा रोडने अमरावती जवळ आहे. तेथील जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे इर्विन, किंवा डॉ. पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेज येथे चौकशी करता येते. अकोल्याकडच्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना हे सोबत ठेवावे :

- केस कधीपासून आणि कोणत्या जागेवरून गळतात, याची नोंद
- गेल्या सहा महिन्यांतील ताप, आजार किंवा ऑपरेशनची माहिती
- चालू असलेल्या सर्व गोळ्या, प्रोटीन पावडर आणि तेलांची नावे
- एक-दोन वर्षांपूर्वीचे डोक्याचे फोटो

ट्रान्सप्लांटच्या आधी शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, त्यांचा नोंदणी क्रमांक काय आणि अचानक ॲलर्जी झाली तर तेथे काय सोय आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर ॲडव्हान्स भरू नये.

काहीच उपचार न करणे हाही एक पर्याय आहे. पुरुषी टक्कलाने शरीराला इजा होत नाही. चुकीच्या हातात गेलेले डोके आणि चिठ्ठीशिवाय घेतलेली गोळी मात्र इजा करू शकते.