धाराऊचे दूध

श्रोतेहो, शंभूराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली, आणि कापूरहोळच्या धाराऊने बाळाला आपले दूध पाजले. ही हकीकत गुरुजी वर्गात सांगतातच. धाराऊचीच वाट मुंबईतल्या शीवच्या रुग्णालयाने पुढे कशी रुंद केली, ते आता ऐका.

सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ त्याला साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत नीट जमत नाही. आतडेही कोवळे. त्यात वरचे दूध पडले, की कधीकधी आतड्याला सूज येते, त्याचा भाग मरू लागतो. जन्मताना गुदमरलेल्या मुलालाही हा धोका असतो, कारण त्या वेळी आतड्याला रक्त कमी पडते.

इंग्लंडात ल्यूकस व कोल यांनी १९९० साली ९२६ मुलांचा हिशेब मांडला. नुसत्या वरच्या दुधावरच्या अपुऱ्या मुलांत हा रोग नुसत्या अंगावरच्या दुधावरच्यांपेक्षा सहा ते दहा पट निघाला. पण आईलाच दूध आले नाही तर? व्हिएन्नात १९०९ सालीच दुधाची पेढी निघाली होती. आपल्याकडे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती काढली. आशियातली ती पहिली. दूध देणाऱ्या बाईची तपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवतात, मग गोठवून ठेवतात. धाराऊ एक होती. इथे अनेक, आणि एकीचेही नाव बाळाला ठाऊक नाही!

वेवजीहून शीव शंभराहून अधिक किलोमीटर दूर, हे खरे. पण पहिली पेढी आईपाशीच असते. पुष्कळ घरांत पहिला चीक पिळून टाकीत आणि बाळाला मधाचे बोट चाटवीत. गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारीत खातो, आणि बाईचा चीक मात्र मातीत! मूल चोखत नसेल, तर आईने दूध हाताने स्वच्छ वाटीत काढावे. ते चमच्याने द्यायचे की नळीने, हे डॉक्टर ठरवतील; घुटी, मध, पाणी काही नको.

अशा मुलाचे पोट फुगले, हिरवी उलटी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर उजाडायची वाट पाहू नका. आशाताईला उठवा, १०८ ला फोन करा, आणि मुलाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून, वरून पांघरूण घालून न्या.