मंथरेचे माहेर

सन २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखविली, तेव्हा दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत घरोघर मंथरा अवतरली. १९८७ साली प्रथम प्रक्षेपित झालेल्या त्या मालिकेतील कुबडी दासी पाहून शेजारची मंडळी दात-ओठ खात. आम्ही मराठी माणसे मात्र, ‘या आमच्या येवल्याच्या बरे!’ असे सांगून मिरवत असू. त्या मिरवण्यात एक अन्याय दडलेला होता, हे आमच्या उशिराच ध्यानी आले. ललिता पवार म्हणजे खाष्ट सासू आणि कपटी दासी, एवढीच ओळख आम्हीही धरून चाललो होतो.

अंबा सगुण या नावाने १९१६ साली जन्मलेल्या या मुलीने मूकपटाच्या काळात मुखास रंग लावला. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटात तिने काम तर केलेच, शिवाय त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. पुढे ती नायिका म्हणून मान्यता पावली. १९४२ साली एका प्रसंगाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड वर्मी बसली. चेहऱ्यास पक्षाघात झाला आणि दीर्घ उपचारांनंतरही डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. चेहरा हेच जिचे भांडवल, तिचे दुकान तेथेच उठावयाचे. परंतु बाईंनी उरल्या भांडवलावर नवा व्यवहार मांडला.

प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या, शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) सासू झाल्या. बारीक झालेल्या त्या डोळ्यात प्रेक्षकांना दुष्टावा दिसू लागला. तथापि तो दुष्टावा डोळ्याचा नव्हता, अभिनयाचा होता. याची साक्ष हवी असेल तर ‘श्री ४२०’ मधील (१९५५) केळी विकणारी गंगामाई आठवावी, अथवा ‘अनाडी’तील (१९५९) मिसेस डिसा. भाडेकरू पोरावर ही घरमालकीण सदैव डाफरते आणि तितकीच माया करते. भेसळीच्या औषधाने तिचा मृत्यू होतो, तेव्हा साऱ्या कथेस कलाटणी मिळते. डोळा तोच, त्यातील भाव मात्र अगदी निराळा! या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक लाभले, १९६१ साली संगीत नाटक अकादमीने बाईंचा गौरव केला. आणि त्याच वर्षी ‘संपूर्ण रामायण’ चित्रपटात त्यांनी मंथराही रंगविली. म्हणजे दूरदर्शनवरील मंथरा ही सव्वीस वर्षांनी झालेली पुनर्भेट होती.

१९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. चित्रपटांचे इतिहास नायक-नायिकांच्या नावांनी लिहिले जातात. वस्तुतः कैकेयीबरोबर माहेराहून परमुलखात आलेली ती दासी नसती, तर वनवास घडला नसता आणि रामकथा अयोध्येच्या वेशीपाशीच संपली असती. परमुलखात राहून टिपणाच्या तळाशी आद्याक्षरे करणाऱ्या आम्हां कारकुनांना हे वेगळे सांगावयास नको. म्हणून यापुढे शेजारी मंथरेविषयी बोलू लागले, की केवळ येवल्याचे नाव सांगून आम्ही थांबणार नाही. गंगामाईची आणि मिसेस डिसांचीही ओळख करून देऊ. माहेरच्या माणसांनी एवढे तरी करावयास हवे.