बिन, कोम आणि एक जून

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. कथील आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खाणी बसल्या आणि खाणकामगार जगभर पांगले. ऑस्ट्रेलियात गेले, अमेरिकेत गेले, आपल्या शेजारी कोलारच्या सोन्याच्या खाणीवरही आले. आता त्यांचे खापरपणतू मेलबर्नमध्ये बसून शनिवार-रविवारी पूर्वज शोधतात. एक मोठा छंदच आहे तो, आणि खरं सांगायचं तर बराच सोपा छंद आहे. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची असा हुकूम आहे. १८४१ पासूनची जनगणना नावानिशी जपून ठेवली आहे. शंभर वर्षं झाली की ती खुली करतात. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. नाव टाका, गाव टाका, एंटर मारा. घरात कोण कोण होतं, कुणाचं वय काय, कोण कुठे जन्मलं, सगळं समोर.

आता हाच प्रोग्राम मलकापुरात रन करून बघू.

पहिला एरर इथेच येतो, कारण मलकापूर तीन तरी आहेत. एक बुलढाण्यातलं, एक कराडला चिकटलेलं, आणि एक आमचं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातलं. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागतं ते. छोटीशी नगरपालिका, आसपासच्या डोंगरवाड्यांची बाजारपेठ आणि पावसाळ्यात न संपणारा पाऊस. इथून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, तशी आमचीही गेली.

दुसरा एरर म्हणजे जनगणना. आपल्याकडे १८७२ पासून मोजणी आहे आणि १८८१ पासून ती सगळ्या देशात एकाच वेळी होते. पण नावानिशी भरलेले तक्ते आपण जपलेच नाहीत. आकडे काढले आणि कागद गेले. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे या नोंदी कुणाला बघता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. म्हणजे आपल्या पणजोबांना सरकारने नक्की मोजलं होतं, पण कोणत्या घरात, कुणाबरोबर, ते आपल्याला कधीच कळणार नाही. एका अर्थी ते बरंही आहे. लोक खरं सांगतात ते नाव बाहेर जाणार नाही या भरवशावरच. असो.

कॉर्नवॉलवाल्यांना हा छंद आहे. आपल्याकडे तो बहुतेकांच्या गळ्यात पडतो. मागे आमच्या घरातल्या एका मुलीला इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा दाखला हवा होता, आणि अख्खं खानदान एकदम इतिहास संशोधक झालं. नियम असा आहे की ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा द्यायचा, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. नुसता कागद असूनही भागत नाही. त्या कागदावरच्या माणसापासून अर्जदारापर्यंत सलग वंशावळ जोडून दाखवावी लागते. एक जरी दुवा निसटला तरी अख्खी साखळी गेली, आणि तिच्याबरोबर सीटही जायची भीती. आमच्या भाषेत सांगायचं तर फॉरेन की सापडत नाही तोवर जॉइन होत नाही.

मग कागद शोधायचे कुठे? सगळ्यात आधी शाळेत. कोल्हापूर संस्थानातल्या लोकांचं इथे एक नशीब आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्यामुळे ज्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती अशा घरांतल्या पोरांचीही नावं शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडू शकतात. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, कधी आला, कधी नि का गेला. यातली जन्मतारीख मात्र जपून घ्या. आईबापाला तारीख माहीत नसायची, 'पोळ्याच्या आधी झाला' एवढंच कळायचं. मग मास्तर पोराकडे बघून अंदाजाने वर्ष ठरवायचे आणि तारीख टाकायचे १ जून. आमच्या आधीच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे. डेटाबेसमध्ये डिफॉल्ट व्हॅल्यू टाकायची ही आयडिया आपली नाही, मास्तरांची.

शाळेनंतर गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. चर्चच्या रजिस्टरला आपल्याकडे जवळचं काय असेल तर हेच. फरक असा की चर्चचा पाद्री बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचं नाव लिहितो, आणि आपल्याकडे बाळ जन्मल्याची वर्दी जाते तेव्हा बारसंच झालेलं नसतं. म्हणून नोंद असते ती 'अमक्यास मुलगा' किंवा 'अमक्यास मुलगी' एवढीच. एकाच बापाला चार मुलगे असतील तर आपले आजोबा त्यातले कोणते, हे बाकीच्या कागदांवरून जुळवत बसायचं. पण जातीचा रकाना भरलेला असतो, म्हणून पडताळणीला या वहीची किंमत मोठी. मृत्यूच्या पानांवर कारणही असतं. ताप, पटकी, देवी, प्लेग. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, सगळ्यात जास्त ऑक्टोबरात. 'त्या साली घरात तीन माणसं गेली' अशी तोंडी हकीकत ज्यांच्या घरात आहे, त्यांनी त्या महिन्याची पानं आधी उघडावीत.

पण खरी मजा जमिनीच्या कागदांत आहे. आपल्याकडे माणसापेक्षा जमिनीची वंशावळ जास्त नीट ठेवलेली आहे. सात-बारा म्हणजे आजची स्थिती आणि फेरफार म्हणजे कमिट हिस्टरी. कोण मेला, वारस कोण, वाटणी कधी झाली, गहाण कुणाकडे पडलं, दर बदलाला नंबर. सात-बाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो धरून मागे मागे जायचं. आता बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन सरकारी संकेतस्थळावर आले आहेत, त्यामुळे पुण्यात बसूनही थोडंफार काम होतं.

आणि जुन्या सात-बाऱ्यावरची आणेवारी! हे मला इतकं आवडलं की इथे जरा थांबतो. जमिनीतला हिस्सा पूर्वी आण्यांत लिहायचे. पूर्ण जमीन म्हणजे एक रुपया, सोळा आणे. आता नावापुढे ०-५-४ दिसलं तर काय समजायचं? पाच आणे चार पै. आण्याच्या पै बारा, म्हणजे सोळा आण्यांचा बरोबर तिसरा हिस्सा. याचा अर्थ भाऊ तीन होते, तुम्हाला एकच माहीत असला तरी. ०-२-८ दिसलं तर सहावा हिस्सा. बहुधा तीन भाऊ, आणि त्यातल्या एकाला दोन मुलगे. नावं माहीत नसताना झाडाचा आकार कळतो. मध्ये कुणी हिस्सा विकला किंवा घेतला असेल तर हिशेब बिघडतो, म्हणून फेरफाराशी ताडून बघायलाच हवं. पण सुरुवातीचा अंदाज बांधायला यापेक्षा सुंदर अल्गोरिदम मी तरी पाहिलेला नाही.

तिथली संक्षिप्त रूपंही शिकून घ्यावी लागतात. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव लागलेलं असतं, धाकटे त्याच्या पोटात. थोरल्याच्या पोरांनी पुढे 'जमीन आमच्याच बापाची' म्हटलं की धाकट्यांच्या नातवंडांना कोर्टात हीच तीन अक्षरं शोधावी लागतात. 'बिन' म्हणजे मुलगा: समजा 'रामा बिन सखा'. काही ठिकाणी 'वलद' असतं, अर्थ तोच. जुन्या कागदांत आडनाव बऱ्याचदा नसतंच, आणि तिथेच बाहेर गेलेल्यांची गंमत होते. मुंबईत जाऊन कुणी मलकापूरकर झाला तर त्याला मलकापुरात मलकापूरकर सापडणार नाहीत. गावात सगळेच मलकापूरचे, मग हे आडनाव लावणार कोण? आधीचं आडनाव काय होतं ते कळल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

बायकांसाठी 'कोम' किंवा 'भ्र.', म्हणजे अमक्याची बायको. त्यांचा माग काढणं सगळ्यात अवघड. माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरच्या कागदावर माहेर नाही, माहेरच्या वंशावळीत 'मुली २' एवढीच नोंद. छापील कुलवृत्तान्त उघडून बघा, पुष्कळदा तीच कथा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसांच्या फेरफारात लेकींची नावं दिसू लागतात. त्याआधी बाई कागदावर येते ती बहुतेक विधवा म्हणून, किंवा 'अ.पा.क.' म्हणून. अज्ञान पालनकर्ता. नवरा गेला, मुलगा लहान, म्हणून जमिनीला मुलाचं नाव आणि त्यापुढे 'अ.पा.क. आई' अमुक. आमच्याही कागदांत अशी एक आहे. दहा-बारा वर्षं सारा तिने भरला, कुळं तिने सांभाळली. मग पोरगा सज्ञान झाला, 'अ.पा.क. कमी केले' असा एका ओळीचा फेरफार पडला, आणि बाई कागदावरून गेली. तिचा मृत्यू कधी झाला, ती कुठली, ते कुठेच नाही. आज आमच्याकडे जी काय वंशावळ आहे, ती त्या दहा-बारा वर्षांत जमीन टिकली म्हणून आहे.

आणखी मागे जायचं तर गाव तेव्हा कुणाचं होतं ते आधी बघावं लागतं, कारण कागद राज्यकर्त्याच्या मागे जातात. मलकापूर हे विशाळगड जहागिरीचं ठाणं. औंधचे परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी, त्यांचा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरकरांच्या बाजूला गेला आणि तिथला प्रतिनिधी झाला. त्याची ही शाखा. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर कारभार गडावरून खाली मलकापुरात आला. जहागीर कोल्हापूर संस्थानाखाली, आणि संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे एक भाऊ मलकापुरात आणि दुसरा घाट उतरून रत्नागिरीत असेल, तर एकाचे कागद संस्थानी आणि दुसऱ्याचे इंग्रजी अमलाचे. दोघांची पद्धत वेगळी, दप्तर वेगळं. त्यात १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, महार वतनंही मोडली. वतनाच्या कागदांवरून माग काढणाऱ्याला कोल्हापुरात हे वर्ष लक्षात ठेवावंच लागतं.

संस्थानी कागद मोडीत आहेत. मोडी १९५० च्या दशकापर्यंत शाळेत शिकवत, नंतर गेली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि महाराष्ट्राला अचानक साक्षात्कार झाला की आपलेच कागद आपल्याला वाचता येत नाहीत. मोडी वाचकांना एकदम भाव आला. तारखांचाही घोळ आहे: शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९० किंवा ५९१, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने हा 'किंवा' येतो. वायटूकेला घाबरलेल्या आमच्या पिढीने हे बघायला हवं होतं.

याच चर्चेत गॅझेट हा शब्दही घरोघरी पोचला. ग्रॅहॅमचा कोल्हापूरवरचा रिपोर्ट १८५४ चा, कोल्हापूरचं गॅझेटियर १८८६ चं. दोन्ही वाचण्यासारखी आहेत. पण त्यात कोणत्या जातीची किती माणसं हे आकडे मिळतात, माणसांची नावं नाहीत. एकट्या गॅझेटवरून एखाद्याचे पणजोबा सिद्ध होत नाहीत. त्याला शाळा, कोतवाल बुक किंवा फेरफारच लागतो.

सरकारबाहेरचे दोन मार्ग राहिले. एक तीर्थोपाध्ये. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया. गाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमच्या घराची नामावळ काढतात. अस्थी घेऊन गेलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने नावं लिहिलेली असतात. (हरिद्वारच्या अशा वह्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळ संस्थेने केल्या आहेत. आपली पोथी, त्यांचा बॅकअप.) दुसरा मार्ग आमच्या भागातला, हेळवी. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात हे लोक बैल घेऊन दारोदार यायचे आणि त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवायचे. अजूनही काही येतात. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. बैलावर बसून येणारा म्हणून हे नाव. घरं पिढ्यानपिढ्या वाटून घेतलेली असतात. धान्य, पैसे दिले की नवी नावं वहीत चढतात. हे सरकारात पुरावा म्हणून टिकवणं कठीण, पण मूळ गाव कुठलं आणि आडनाव कधी बदललं, हे फेरफारात नसलेलं सांगणारं दुसरं कुणी नाही.

गावी जाणार असाल तर एक व्यवहारी सूचना. तहसीलला अर्ज करताना नुसतं आजोबांचं नाव देऊ नका. गट नंबर, शक्य असेल तर त्याआधीचा सर्व्हे नंबर, आणि चुलत घराण्यांची नावं घेऊन जा. आमचा १९६७ पूर्वीचा कागद शेवटी मिळाला तो सख्ख्या आजोबांच्या नावावर नाही, तर त्यांच्या थोरल्या चुलत भावाच्या शाळेच्या रजिस्टरात. जन्मतारीख १ जून. आणि तो चुलत भाऊ आमचाच, हे दाखवायला उपयोगी पडला तो 'अ.पा.क. कमी केले'वाला फेरफार.